तरतुदीबाहेरचा रुपया

गुरू सिंह राशीत कधी जाणार, हे अर्थ खात्याला विचारून ठरत नाही. बारा वर्षांनी तो जातो, नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो आणि त्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून शहरातले रस्ते उकरले जाऊ लागतात. २००३ झाले, २०१५ झाले. आता ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान. ही तारीख एका दिवसानेही पुढे सरकत नाही. सरकारचे आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. १८६७ पासून ते असेच चालत आले आहे आणि त्याला ना गुरूशी देणेघेणे, ना गोदावरीच्या पाण्याशी. घाटाचे काम आज सुरू करायचे असते, पण त्या लेखाशीर्षाखाली पैसा नसतो. पैसा येणार असतो, पण पुरवणी मागणी मंजूर झाल्यावर. तोवर पावसाळा लागतो. अशा वेळी अधिकाऱ्यासमोर दोनच वाटा राहतात: थांबायचे, किंवा ‘होईल तरतूद’ म्हणून काम सुरू करायचे. सरकारी खात्यांनी मंजुरीपलीकडे खर्च करू नये म्हणून जे कायदे आणि नियम आहेत, ते खरे कसाला लागतात ते इथे.

हा विषय कोरडा मानला जातो. अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्रे काय स्वस्त, काय महाग हे सांगतात. तो पैसा मंजूर झाल्यावर त्याच्याभोवती कोणते कुंपण आहे, हे सांगण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पुढच्या पानांत कलमे येतील, नियमपुस्तिका येतील, लेखापरीक्षकांचे अहवाल येतील. त्यांच्यात शिरण्याआधी हे कुंपण कुठून कुठवर आहे आणि कुठे तुटलेले आहे, याची तोंडओळख करून देण्यापुरती ही प्रस्तावना.

मूळ नियम साधा आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याने मंजूर केल्याशिवाय एक पैसाही काढता येत नाही. घटनेचे २६६ वे कलम तसे बजावते आणि २०२ ते २०७ या कलमांत त्याची कार्यपद्धती आहे. सरकार मागण्या मांडते, विधानसभा त्यांवर मतदान करते, मग विनियोजन विधेयक येते आणि ते कायदा झाले की खजिन्याचे दार उघडते. राज्यपालांचे वेतन, न्यायमूर्तींचे वेतन, कर्जावरचे व्याज असे काही खर्च ‘भारित’ म्हणून मतदानाबाहेर ठेवलेले असतात. बाकी सगळे ‘दत्तमत’, म्हणजे सभागृहाने मत देऊन दिलेले. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापणारे करन्सी नोट प्रेस आहे. ज्या गावात पैसा अक्षरशः छापला जातो, त्या गावातल्या सरकारी रुग्णालयालासुद्धा औषधाच्या लेखाशीर्षात शिल्लक नसेल तर देयक काढता येत नाही. यात विसंगती काहीच नाही. पैसा असणे आणि तो खर्च करण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकशाहीचा बराचसा इतिहास या फरकासाठी झालेल्या भांडणांचा आहे.

व्यवहारात हे कुंपण कोषागारात दिसते. विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम अर्थ खात्याकडून मंत्रालयातल्या विभागाला, तिथून आयुक्तालयाला किंवा संचालनालयाला, आणि शेवटी जिल्ह्यातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला वाटली जाते. पूर्वी हे वाटप कागदी आदेशांनी व्हायचे. आता ‘बीम्स’ नावाच्या संगणकप्रणालीवर होते. खात्यावर रक्कम दिसत नसेल तर देयकासोबत लागणारी पावतीच निघत नाही, आणि पावतीशिवाय कोषागार देयक स्वीकारत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीतल्या लेखालिपिकाला विचारा; ‘बीम्सवर पैसा आला का?’ हा त्याच्या आयुष्यातला सर्वात जास्त वेळा विचारलेला प्रश्न असेल.

म्हणजे बंदोबस्त चोख आहे. पण तो कशाचा? पैसा *देण्याचा*. पैसा *कबूल करण्याचा* नव्हे. या सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. आपल्या कायद्याची नजर धनादेशावर आहे, कार्यारंभ आदेशावर नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निधीची तरतूद झाल्याशिवाय काम सुरू करू नये, असे बांधकाम खात्याच्या नियमांत लिहिलेले आहे. पण तरतूद किती हवी? दहा कोटींच्या रस्त्यासाठी अर्थसंकल्पात नाममात्र रक्कम, जिला सगळेजण ‘टोकन’ म्हणतात, ती टाकली की कागदोपत्री काम अर्थसंकल्पात आले. निविदा निघते, नारळ फुटतो, ठेकेदार डांबर ओततो. देयक सादर होते तेव्हा कोषागार कायद्याला धरून सांगते, की शिल्लक नाही. खर्च मंजुरीपलीकडे गेलेला नाही, कायदा मोडलेला नाही, आणि तरीही सरकारने नसलेला पैसा खर्चून ठेवला आहे. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटनांनी निरनिराळ्या विभागांकडची थकबाकी ८९ हजार कोटी रुपयांवर गेल्याचा दावा केला आणि कामे बंद ठेवण्याचा इशारा दिला. आकडा संघटनांचा आहे, तो तसाच घ्यावा. पण तो निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच, की इतकी मोठी रक्कम कुंपणाच्या कोणत्या बाजूने बाहेर गेली?

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत, आणि योगायोग असा की ती खणताना नाशिक जिल्हा पुन्हा पुन्हा भेटतो.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा, निफाडचा. पुढे ते नाशिकला न्यायाधीश म्हणूनही होते. लोकांना ते समाजसुधारक म्हणून माहीत आहेत. पण १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने खर्च कमी करण्यासाठी जी वित्त समिती नेमली, तिच्यावर मुंबई इलाख्यातून रानडे होते. रुपयाचा भाव घसरत होता, ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा खर्च अंगावर पडला होता आणि सरकारला कात्री हवी होती. खात्या-खात्यांचे आकडे तपासण्याचे हे रुक्ष काम रानड्यांनी इतक्या आस्थेने केले की सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगासमोर हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष दिली आणि १९०२ मध्ये केंद्रीय कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावरचे ते गाजलेले भाषण केले. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मिरवत होते. गोखल्यांचा मुद्दा असा, की दुष्काळाने मोडलेल्या देशात लागोपाठ शिल्लक पडते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत. भाषणाने सभागृह थक्क झाले म्हणतात. पण मतदान झाले नाही, कारण मतदानाचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येत होते. त्यातला एक रुपया कमी करता येत नव्हता. आज एखादा आमदार विरोधी बाकावरून कपात सूचना मांडतो आणि ती आवाजी मतदानात पडते, तेव्हा प्रेक्षक कंटाळतात. गोखल्यांना ती पडण्याची सोयही नव्हती.

तिसरे नाव बाबासाहेब आंबेडकरांचे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये नाशिकला, आणि १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातल्या येवल्याला. या दोन घटनांमुळे त्यांचे नाव इथल्या मातीत रुजले आहे. पण त्याच्या काही वर्षे आधी, १९२५ मध्ये, लंडनला त्यांचे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळी तिजोरी कलकत्त्याच्या हाती गेली तेव्हापासून १९२१ पर्यंतचा प्रवास त्यात आहे, आणि ज्याला आपण ‘मार्च एंड’ म्हणतो त्याचे वंशवृत्त हवे असेल तर ते त्या काळातच शोधावे लागते. त्या केंद्रीकृत व्यवस्थेत प्रांतांनी खर्चात बचत केली तर ती वरच्या सरकारच्या खिशात जायची. साहजिकच प्रांतांचे हित काटकसरीत नव्हते. मोठमोठ्या मागण्या करण्यात आणि मिळालेले संपवण्यात होते. जो जास्त ओरडेल त्याला जास्त. शेवटी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे दिली आणि उरलेला पैसा प्रांतांकडेच राहील असे ठरवले.

उरलेला पैसा जवळ ठेवण्याची ती मुभा आज सगळ्यांना नाही. जिल्हा परिषदांना राज्याकडून आलेला निधी खर्चायला दुसऱ्या वर्षाची मुभा मिळते. राज्याच्या कचेऱ्यांना मिळत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात ते म्हणूनच. जादा खर्च रोखणारा नियम आणि वर्षअखेरीस पैसा परत घेणारा नियम एकाच उगमाचे आहेत, पण दुसरा पहिल्याची हवा काढून घेतो. निधी व्यपगत होऊ नये म्हणून तो ३१ मार्चला एकत्रित निधीतून काढून कचेरीच्या भाषेत ‘पीएलए’ (पर्सनल लेजर अकाउंट) म्हणतात त्या खात्यांत नेऊन ठेवायचा, हिशेबात खर्च दाखवायचा आणि पुढे सवडीने वापरायचा, ही युक्ती महालेखापालांच्या अहवालांत इतक्या वेळा आली आहे की ते परिच्छेद तारखा बदलून पुन्हा छापावेत असे वाटते.

संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पदावर चर्चा झाली. त्या पदाची कर्तव्ये न्यायपालिकेपेक्षाही महत्त्वाची आहेत, असे आपले मत आंबेडकरांनी तिथे मांडले, आणि त्या मानाने या अधिकाऱ्याला पुरेसे स्वातंत्र्य मिळत नसल्याची खंतही. प्रांतिक अर्थकारणावर पुस्तक लिहिलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष असणे हे या देशाचे भाग्य होते. पण हा पहारेकरी चोरी झाल्यावर येतो, हेही खरे. त्याचा अहवाल खर्चानंतर वर्ष-दीड वर्षाने विधिमंडळासमोर ठेवला जातो.

मग एखाद्या खात्याने सरळसरळ मंजुरीपेक्षा जास्त खर्च केलाच तर काय होते? आपल्याकडे याचे उत्तर काहीसे विनोदी आहे. घटनेच्या २०५ व्या कलमान्वये ते खाते नंतर ‘अधिक खर्चाच्या मागण्या’ घेऊन विधानसभेकडे जाते. लोकलेखा समिती कारणे तपासते. आणि सभागृह झालेला खर्च नियमित करून देते. शिक्षा नाही, दंड नाही. नियमित करण्यालाही घाई नाही. महाराष्ट्राच्या वित्तव्यवस्थेवरच्या लेखापरीक्षा अहवालांत, मागच्या कित्येक वर्षांचा अधिक खर्च अजून नियमित झालेला नाही, असा तक्ता नेमाने असतो.

अमेरिकेने या बाबतीत अगदी दुसरे टोक गाठले. एकोणिसाव्या शतकात तिथली खाती वर्षाचा पैसा काही महिन्यांत उडवायची, कंत्राटे देऊन मोकळी व्हायची आणि मग काँग्रेसकडे जाऊन सांगायची, की आता पैसे द्या नाहीतर सरकारची अब्रू जाईल. काँग्रेसला द्यावेच लागायचे. म्हणून १८७० मध्ये आणि पुढे १८८४, १९०५, १९०६ मध्ये कायदा घट्ट करत नेला गेला. त्यातला आपल्या दृष्टीने मोलाचा भाग असा, की तिथे नुसता पैसा *देणे* नव्हे, मंजुरीपलीकडे पैशाचे *बंधन स्वीकारणे* हाच गुन्हा आहे. जाणूनबुजून केला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. अर्थात या कलमाखाली आजवर कोणी तुरुंगात गेलेले नाही; पण उल्लंघन झाले की खात्याच्या प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसला लेखी कळवावे लागते, आणि त्याची धास्ती अधिकाऱ्यांना पुरते. याच कायद्याची दुसरी बाजू म्हणजे तिथली ‘शटडाऊन’. मंजुरी संपली की कचेऱ्याच बंद. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस तसे झाले. आपल्याकडे लेखानुदानाची सोय असल्याने आणि अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच पडत असल्याने ती वेळ येत नाही. दोन्ही व्यवस्थांपैकी कोणती बरी, याचा निकाल इथे लावण्याचे कारण नाही. पण कुंपण कबुलीपाशी घालता येते आणि ते घातलेला एक मोठा देश आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

कोषागाराचे दारही अभेद्य नसते, हे बिहारने दाखवले. पशुसंवर्धन खात्याला मंजूर रकमेच्या कितीतरी पट पैसा चाईबासासारख्या कोषागारांतून वर्षानुवर्षे निघत राहिला आणि १९९६ मध्ये चारा घोटाळा उघडा पडला. त्यातले खोटे पुरवठादार आणि कागदोपत्री गुरे सर्वांच्या लक्षात राहिली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी: मंजुरी आणि खर्च यांतला फरक सरकारी हिशेबातच उघड दिसत होता, तो पाहून कोणी हाक मारली नाही. संगणकावर चालणाऱ्या वाटपप्रणाल्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. यंत्र निदान शून्याला शून्य म्हणते.

महाराष्ट्रात दारावर दरोडा पडला नाही. इथली तऱ्हा निराळी. सरकार सहसा मंजुरीपलीकडे जात नाही. मंजुरीच पुन्हा पुन्हा वाढवून घेते. २०२४ चा अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत, ९ जुलैला, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यांत लाडकी बहीण योजनेचे २५ हजार कोटी होते. त्याच डिसेंबरात नागपूरला आणखी ३५,७८८ कोटी. २०२५ च्या जूनअखेरीस पुन्हा ५७,५०९ कोटी. अनपेक्षित गरजेसाठी ठेवलेली वाट हा आता राजरस्ता झाला आहे. यात घटनाबाह्य काही नाही, प्रत्येक मागणीवर मतदान होते. पण ज्या विधानसभेने अकराच दिवसांपूर्वी वर्षाचा हिशेब ऐकला, तिने पुन्हा इतक्या मोठ्या रकमेला हात वर करायचा असेल तर मूळ अर्थसंकल्पाला काय म्हणायचे? दरम्यानच्या तातडीसाठी १९५६ च्या कायद्याने उभा केलेला आकस्मिकता निधी आहे. त्याची कायम मर्यादा १५० कोटींची. पूर आला, गारपीट झाली की अध्यादेशाने ती तात्पुरती वाढवायची. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला गारपिटीनंतर मदतीची घोषणा आणि खात्यावरचा पैसा यांत जे अंतर जाणवते, त्यातले काही अंतर या कायदेशीर पायऱ्यांचे असते. सगळे नव्हे.

राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदाही आहे, केंद्राचा २००३ चा आणि राज्याचा २००५ चा. तो खात्याखात्याला नाही, एकूण तुटीला लगाम घालतो. महसुली तूट नाहीशी करणे हे त्याचे मूळ उद्दिष्ट; २०२५-२६ च्या अंदाजात ती ४५,८९१ कोटी आहे. एवढे सांगितले की त्याच्याबद्दल इथे पुरे.

वायदे मंजुरीच्या पुढे धावू लागले की काय होते, याचा सर्वात मोठा धडा पाटबंधाऱ्यांचा. आणि तो वाचून दाखवणारा माणूस नाशिकला होता. दिंडोरी रस्त्यावरच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांचे वाढते खर्च आणि निकृष्ट कामे यांकडे लक्ष वेधले. राजकारणात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे: उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका, मग माधवराव चितळे यांची समिती. पण त्यामागचे वित्तीय यंत्र समजून घेण्यासारखे आहे. १९९६ पासून राज्यात खोरेनिहाय पाटबंधारे महामंडळे निघाली. नाशिक जिल्हाच गिरणेसाठी तापी महामंडळात आणि गोदावरीसाठी गोदावरी मराठवाडा महामंडळात विभागला गेला. महामंडळाला शासनाच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा करता येतो, म्हणजे अर्थसंकल्पाच्या दाराला वळसा. शिवाय एकाच वेळी शेकडो प्रकल्प हाती घ्यायचे, प्रत्येकाला वर्षाला थोडीशी तरतूद द्यायची, काम रेंगाळले की दर वाढतात, आणि मग ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. त्या वाढीव किमतीच्या मान्यतेवर विधानसभेत मतदान होत नाही. मतदान होते ते त्या वर्षीच्या तुकड्यावर. वर्षाचा तुकडा मंजुरीत बसतो, धरण मात्र कुठल्याच मंजुरीत बसत नाही.

आता घराजवळ, नाशिक महापालिकेत. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेला हीच शिस्त घालून दिली आहे: चालू अंदाजपत्रकात मंजुरी आणि त्यात पुरेशी शिल्लक असल्याखेरीज पालिका निधीतून पैसे देता येत नाहीत. अपवाद थोडे, कोर्टाचा हुकूमनामा किंवा परतावा यांसारखे. आणि जमेपेक्षा जास्त खर्चाचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक; पण इथे अंथरूण मोजायची फूटपट्टीही पाय पसरणाऱ्याच्याच हाती असते. आयुक्त एक अंदाजपत्रक मांडतात. स्थायी समितीत त्यात भर पडते, महासभेत आणखी भर पडते, आणि खर्च वाढला म्हणून कायद्याच्या समाधानासाठी जमेची बाजूही तेवढीच वाढवली जाते. घरपट्टीची वसुली जास्त धरायची, नगररचनेचे शुल्क जास्त धरायचे, भूखंडांचा विकास जास्त धरायचा. कागदावर तोल साधतो. प्रत्यक्षात जमा येत नाही आणि प्रभागातली कामे मात्र सुरू झालेली असतात. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये तोही बहुतांश गेला, २०१७ पासून जीएसटीपोटी राज्याकडून मिळणारी भरपाई हा मोठा आधार झाला. तेव्हापासून जमेतला आपल्या हातातला भाग आणखीच आखडला. अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या या ओझ्याला पालिकेत दायित्व म्हणतात, बोलताना ‘स्पिलओव्हर’. नवे अंदाजपत्रक उघडायच्या आधीच त्यातला मोठा घास जुन्या दायित्वाने घेतलेला असतो.

२०१८ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या तुकाराम मुंढे यांनी नगरसेवकांच्या कामांना तीन कसोट्या लावल्या: कामाची गरज आहे का, ते तांत्रिकदृष्ट्या होऊ शकते का, आणि त्यासाठी पैसा आहे का. ‘त्रिसूत्री’ म्हणून ती गाजली. तिसरी कसोटी नवी नव्हती, कायद्यातच होती. नवे होते ते ती कबुलीच्या क्षणी लावणे. त्यांनी घरपट्टीचेही दर वाढवले आणि शहर तापले. अविश्वास ठरावाची तयारी झाली, मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी केली, आणि नोव्हेंबरात मुंढे यांची बदली झाली. करवाढीवरचा लोकांचा राग खोटा नव्हता, आणि एका अधिकाऱ्याच्या स्वभावावर उभी राहिलेली शिस्त त्याच्या बदलीबरोबर जाते हेही नाशिकने पाहिले. मुंढे यांच्याबद्दल शहराची दोन मते आजही आहेत. त्रिसूत्रीतल्या तिसऱ्या ओळीबद्दल मात्र दुसरे मत असायला नको होते.

त्यानंतर जे झाले ते कायद्याने कल्पिलेलेही नसावे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुका जानेवारी २०२६ पर्यंत झाल्या नाहीत. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ ही अंदाजपत्रके प्रशासकांनी तयार केली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. मागणारा आणि मान्यता देणारा एकच. सिंहस्थाची मोठी कामे ठरण्याचा काळही नेमका हाच. २०१५ च्या सिंहस्थाचा आराखडा सुमारे २,४०० कोटींचा होता आणि यंदाचा त्याच्या कितीतरी पट आहे. राज्याने २०२५ मध्ये कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. वेगासाठी ते गरजेचे असेलही. पण खर्च करणारी संस्था नवी झाली की तिच्या कबुलींचा हिशेब कोणत्या सभागृहात विचारायचा, हा प्रश्नही नवा होतो: महापालिकेच्या महासभेत, की मुंबईच्या विधानभवनात?

कबुलीचा हिशेब मागण्याची जागा मुळात नाहीच असे नव्हे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर राज्यांच्या वित्त लेख्यांत भविष्यातल्या बांधील दायित्वांचे परिशिष्ट जोडले जाऊ लागले. महालेखापालांच्या कचेरीने ते छापायचे आणि त्यातले आकडे राज्याच्या विभागांनी पुरवायचे, अशी रीत आहे. या विषयात रस वाटू लागलेल्या वाचकाने अर्थमंत्र्यांचे भाषण बाजूला ठेवून आधी ते परिशिष्ट उघडावे, आणि कोणत्या विभागाचे रकाने भरलेले आहेत ते पाहावे.